वरच्या खाचराची माती

पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं मी पुढे पुष्कळ वर्षं फळ्यापुढे उभी राहून शिकवलं. मुलं एका सुरात म्हणायची, मी मान डोलवायची आणि मनातल्या मनात हसायची. मुळशीच्या पाण्याला आणखी एक गोष्ट असते, ती कुठल्याच पुस्तकात दिलेली नाही. त्याला भावकी असते.

हे मला कळलं लग्नानंतर. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती तेव्हा. माझं माहेर नांद्याचं. तिथे पाऊस पाहुण्यासारखा यायचा, चहापाणी घेऊन जायचा. सासर धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायाशी. तिथे तो घरजावयासारखा यायचा आणि दिवाळीच्या तोंडावर कसाबसा उठायचा.

नवरा मुंबईला गिरणीत. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात मी, मामंजी आणि म्हैस. मामंजी दिवसाकाठी मोजके शब्द बोलत आणि त्यातलेही बरेचसे म्हशीच्या वाट्याला जात. बाहेर अंगणापलीकडचं काही दिसायचं नाही. पावसाचा आवाज इतका अखंड की काही दिवसांनी तो ऐकू येईनासा व्हायचा. मग घरात जे उरतं ते ऐकू येतं, आणि आमच्या घरात काहीच उरत नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला मी राजा झाले होते, प्रधान झाले होते, एकदा तर राक्षसही. चुलीपुढे बसून मी ती सगळी पात्रं एकटीच वठवायची. राजा डरकाळायचा, राक्षस रडायचा, आणि टाळ्या म्हणून मी परातीत तांदळाची भाकरी थापायची. एवढा रंगलेला प्रयोग बघायला समोर फक्त धूर.

आणि गंमत अशी, की पाच हातांवर प्रेक्षक होता. घराच्या मधोमध कारवीचा कूड घातलेला होता, शेणानं सारवलेला. कुडापलीकडे मामंजींचे थोरले चुलतभाऊ राहायचे आणि त्यांची सून, माझी जाऊ. माझ्याच वयाची. तिचाही नवरा मुंबईला. तिचा खोकला मला ऐकू यायचा, तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, तिनं कोंबडीला दिलेल्या शिव्या तर मला पाठ होत्या. पण तिच्याशी बोलायची मला बंदी होती आणि माझ्याशी बोलायची तिला.

कारण पाणी. डोंगरावरून उतरणारं पाणी आधी थोरल्यांच्या भातखाचरात यायचं. बांधाला एक तोंड ठेवलेलं असायचं, त्यातून ते आमच्या खाचरात, आमच्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात. थोरले उन्हाळ्यात शेण, पाला, पातेरा पसरून त्यावर माती लोटायचे आणि राब भाजायचे. त्या राखेत भाताची रोपं करायची, ही आमच्याकडची रीत. पाऊस लागला की राखेतलं, शेणातलं निम्मं सत्त्व विरघळून गढूळ पाण्याबरोबर खाली यायचं. आमचा भात काळाभोर हिरवा, त्यांचा पिवळट. मी येण्याच्या आदल्या वर्षी थोरले बांधावर उभे राहून म्हणाले, "शेण माझं, राख माझी, आन् भात तुझा व्हय रं?"

मामंजी म्हणाले, "मग पाण्याला सांग की, खाली उतरू नगं म्हून."

झालं. थोरल्यांनी दगडमाती घालून बांधाचं तोंड बुजवलं. जादा पाणी जायला बाजूनं चर खणला आणि तो थेट ओढ्याला काढून दिला. पाणी धरणात गेलं तरी चालेल, भावाच्या खाचरात जाता कामा नये. आमच्या भाताला मग फक्त आभाळातून पडेल तेवढंच पाणी उरलं. स्वच्छ पाणी. इतकं स्वच्छ, की त्यात भाताला खायला काहीच नव्हतं. काविळीच्या रोग्यासारखा उभा राहायचा बिचारा. थोरल्यांच्या खाचरात मात्र डोंगरातल्या झाडांचा कुजका पाला वाहून येतच होता, आणि त्याबद्दल डोंगर कधी त्यांच्याशी भांडायला उतरला नव्हता.

दोघांच्या मुलांनी हे भांडण कधी मुंबईला नेलं नाही. माझा नवरा आणि तिचा नवरा मुंबईत एकाच गाळ्यात राहत, एका ताटात जेवत. भांडण सांभाळायला आम्ही दोघी होतो ना गावाकडे!

एके दिवशी म्हशीला आंबोण घालताना मी वैतागून म्हणाले, "म्हशे, लई कंटाळा आलाय गं. घरातलं मीठ बी संपलंय."

मग कुडापलीकडच्या गोठ्यातून, तिकडच्या म्हशीला उद्देशून आवाज आला, "म्हशे, कुणाला मीठ पायजे असंल तर वळचणीखाली पुडी ठेवलीया म्हणावं."

म्हशीशी बोलायला कुणाची बंदी नव्हती. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही म्हशींना जन्मात मिळालं नव्हतं एवढं महत्त्व आलं.

"म्हशे, तुझ्या धन्याचं पत्र आलं का गं?"

"न्हाई बया. त्यांना लिवाया हात हायेत का न्हाई कुणास ठावं. म्हशे, तुझ्याकडं आज कालवण काय?"

"कुरडूची भाजी. कालची बी तीच, परवाची बी तीच."

"मग उद्याचं इचारायलाच नगं."

मामंजी एकदा दारात थांबले, म्हशीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही दूध देईना झालीया. ऐकण्यातच टाइम जातुया तिचा."

पण कुडाआडचं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे. पाणवठ्यावर समोरासमोर आलो तर दोघी डोक्यावर हंडे घेऊन, खाली मान घालून एकमेकींना ओलांडायच्या. तिची पदराखालची हनुवटी तेवढी माझ्या ओळखीची. मला फार काही नको होतं. कुणीतरी समोर उभं राहावं, माझ्या तोंडाकडे बघावं आणि माझ्याशी बोलावं. त्या पावसात दुसरी कसलीच इच्छा मला झाल्याचं आठवत नाही.

मग श्रावणात बांध फुटला.

मी खाचरात वाकून तण बेणत होते. डोक्यावर इरलं. दुपार असूनही संध्याकाळसारखं अंधारलेलं. थोरल्यांचा चर केवढासा, आणि आभाळातून उतरत होतं ते केवढं! वरचं खाचर काठोकाठ तुंबलं आणि बुजवलेल्या तोंडातून पाणी झिरपायला लागलं. थोरले धावत आले. आधी पायानं चिखल दाबला. मग काठी रोवली. मग, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, ते त्या भगदाडात चक्क मांडी घालून बसले.

"दगड आण गं, दगड!" ते सुनेला ओरडत होते. "मी हाय तवर हलत न्हाई त्ये!"

पाणी हललं. थोरल्यांसकट हललं. बांधाचा हातभर, मग पुरुषभर तुकडा सुटला आणि त्या लाल चिखलाच्या लोंढ्यावर बसून, इरल्यासकट, मांडी न मोडता थोरले खाली उतरले. नाटकात राजा सिंहासनासकट रंगमंचावर यावा तसे. आमच्या भातात मधोमध येऊन ते थांबले. भांडण झाल्यापासून आमच्या खाचरात त्यांनी टाकलेलं हे पहिलं पाऊल, आणि तेही बसून.

मामंजी कडेला उभे होते. त्यांनी आभाळाकडे बघितलं. आभाळालाच म्हणाले, "पाऊस लई झाला औंदा. म्हातारीकोतारी मानसं वाहून याया लागली."

चिखलातून उत्तर आलं, "पावसाला म्हणावं, आधी हात दे, मग बोल."

मामंजींनी तोंड दुसरीकडे वळवून काठी पुढे केली. थोरले ती धरून उठले, काठी सोडली, आणि सगळ्या बांधाला वळसा घालून वर गेले. वर त्यांची सून पदर तोंडात कोंबून उभी होती. रडत असावी असं थोरल्यांना वाटलं. तिचे खांदे का हलत होते ते मला कळत होतं.

थोरल्यांनी साठवून साठवून ठेवलेलं सगळं एका दुपारी आमच्याकडे आलं. पाणी पुढे निघून गेलं, पण खाचरात पसरल्यावर त्याचा वेग मोडला आणि त्यानं आणलेलं सगळं खाली टाकलं. बांधालगतचा भात गाडला गेला. पण जिथे गाळाचा नुसता पातळ थर बसला तिथलं पीक असं माजलं, की स्वतःच्या ओंब्यांच्या ओझ्यानं आडवं झालं. वरच्या खाचरात घळ पडली होती आणि भाताची मुळं उघडी पडून वाळत होती. थोरले रोज बांधावर येऊन आमच्या भाताकडे बघायचे. पोटच्या पोरीला दुसऱ्याच्या घरी नांदताना बघावं तसे.

भात झोडपून झाल्यावर त्यांनी देवळापुढे पंच बसवले. "भात खाल्ला त्यो खाल्ला. माझी माती तेवढी मला माघारी द्या."

मामंजींना ते लागलं. "कुणाला पायजे त्याची माती? एक ढेकूळ ठेवायचो न्हाई घरात!"

पंचांनी ठरवलं ते असं: खालच्यांनी माती बांधापर्यंत आणायची, वरच्यांनी बांधावरून न्यायची. कुणीही बांध ओलांडायचा नाही. आणि दोन्ही घरांत काम करणारी माणसं कोण? आम्ही दोघी. लक्ष ठेवायला दोघे म्हातारे बांधाशी बसले, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून दोघांनी बांधाला पाठ टेकली. त्यांच्या दोन पाठींमध्ये फक्त बांधाची माती होती.

पहिली पाटी मी गच्च भरली, कमरेवर पेलत आणली आणि बांधावर ठेवली. जाऊ पलीकडे उभी, डोक्यावर चुंबळ. तिला ती चढावर लांब न्यायची होती, म्हणजे डोक्यावरच घ्यायला हवी. आणि मातीनं भरलेली पाटी एकट्या बाईला आपल्या डोक्यावर चढवता येत नाही. ती पाटीकडे बघत राहिली. मी पाटीकडे बघत राहिले. म्हशी घरी होत्या.

मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "हात लावा की, जाऊबाई."

हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होतेच, पण त्यांच्या वर एक रुंद तोंड होतं, दातावर दात आलेला, आणि डोळे असे काही मिचकावलेले, की हीच ती कोंबडीला शिव्या देणारी याबद्दल शंका उरू नये.

थोरल्यांची पाठ ताठ झाली. "कोन बोललं?"

"मी म्हणलं, पाटी जड हाय."

"कुणाला म्हणलीस?"

"पाटीला."

पण ओझ्याला हात लावायला वैऱ्यालाही नाही म्हणू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. मामंजी आभाळाला म्हणाले, "ओझं उचलाया हात लावणं म्हंजी काय बोलणं न्हवं." थोरले खाकरले. ती परवानगी समजून मी पाटीला हात लावला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. दोघींचीही मातीनं माखलेली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला मला अजूनही शब्द पुरत नाहीत. प्रत्येक पाटीमागे थोडं बोलणं. अर्धवट तोडलेलं वाक्य ती वर घेऊन जायची आणि रिकामी पाटी आणताना पुरं करायची. मी तिला राजा करून दाखवला, राक्षस करून दाखवला, सगळं ओठांतल्या ओठांत, कारण पाठी ऐकत होत्या. बांधात बसलेले थोरले आणि भातात उतरलेले थोरले तर मी रोज एकदा करायची. ती हसू दाबताना डोक्यावरची पाटी डुगडुगायची. एकदा ती धरणाकडे हात करून म्हणाली, "आपल्या खाचरातलं पानी त्या धरणात जातंय. धरणातनं नळानं घाटाखाली. तितं त्याची वीज करत्यात आन् धाडत्यात मुंबईला. म्हंजी आपलं पानी त्यास्नी भेटतंय बघा. आपुनच तेवढं हितं."

"आन् आपल्या घरात रॉकेलची चिमणी," मी म्हणाले.

"पाण्याला सांगायला पायजे, जरा आमचा बी निरोप न्हे म्हून."

मग एका सकाळी मी खाचराकडे बघितलं आणि हातातली पाटी खाली ठेवली. मातीचा ढीग संपत आला होता. माती संपली की पाटी संपणार, पाटी संपली की पुन्हा कूड आणि म्हशी.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "जाऊबाई, पाटी रिकामी कशापायी आणताय?"

ती समजली. मूर्ख बाईशी मैत्री करण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हाच पटलं. वर जाणारी पाटी शिगोशीग असायची, खाली येणारी अर्धी. तीच माती मी पुन्हा ढिगावर ओतायची. ऊन खात डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्यांना फक्त माती पडल्याचा आवाज यायचा, आणि तो तर दोन्हीकडून येतच होता. पौष गेला, माघ लागला. मुळशीत माती इतकी कधी फिरली नसेल.

शेवटी मामंजींनी विचारलं, "सूनबाई, ही माती सरंना कशी?"

मी सातवी पास. मी अगदी शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाले, "मामंजी, ओली माती बसलेली असती. त्यातलं पानी उडून गेलं की ती फुगती."

खरं तर नेमकं उलटं. माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. समोर खाचरात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या होत्या. जन्मभर शेती केलेल्या मामंजींनी त्या भेगांकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"असंल बाबा," ते म्हणाले, आणि पुन्हा बांधाला पाठ टेकली.

त्यांना तरी घाई कुठे होती? उन्हं छान पडत होती. एका अंगाला तंबाखू होती, दुसऱ्या अंगाला चुना. मामंजी आभाळाला म्हणायचे, "चुना संपला." बांधावरून चुन्याची डबी यायची. थोड्या वेळानं थोरले डोंगराला सांगायचे, "तंबाखू सादळली जनू." बांधावरून चंची जायची. पुढे आभाळ आणि डोंगर मधून गळाले. एक दिवस आम्ही पाटी उचलायला वाकलो तर बांधाशी कुणीतरी हसत होतं. दोघेही म्हातारे एकाच बाजूला बसले होते. कोण कधी बांध ओलांडून आलं, आम्हाला कळलंसुद्धा नाही. आम्ही आमच्या बोलण्यात होतो.

थोरले म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता ती माती तितंच. पाऊस आला की पानी न्हेयाचं तितं न्हेणारच हाय. तोंड मोकळं ठिवू. राब दोघं मिळून भाजू, शेण बी दोघांचं."

मी जाऊचा हात धरला. सगळ्यांच्या देखत, बांधाच्या वर. कुणी अडवलं नाही. आता उघड बोलता येणार होतं, एका चुलीपाशी बसता येणार होतं. माझ्या डोक्यात कूड पाडूनही झाला होता.

थोरल्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ते मामंजींना सांगत होते, "आता लावणीला तुझी सून हायेच. दोन्ही खाचरं बघंल ती. मग माझ्या सुनंला मी मुंबईला धाडतो. पोरानं खोली घेतलीया, कवापास्नं बोलावतोय. भावकीचा हात न्हवता म्हून आडकवून ठेवली हुती."

जाऊच्या हाताची बोटं एकदम घट्ट झाली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि ते लपवायचा प्रयत्न केला. हसू पदराआड लपवता येतं, आनंद नाही येत. तिला दोष कसा द्यायचा? माझा नवरा खोली घेऊन बोलावता तर मी त्याच पावली निघाले असते.

शिमग्याआधी ती गेली. एसटीच्या थांब्यापर्यंत मी तिची ट्रंक घेऊन गेले. सगळी वाट आम्ही बोललो नाही. बंदी उठली होती आणि सांगण्यासारखं काही सुचत नव्हतं. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "तुमी बी याल की."

"व्हय," मी म्हणाले.

मिरगानंतर पाणी उतरलं. मोकळ्या तोंडातून आमच्या खाचरात आलं, दाट, तांबडं, राखेच्या वासाचं. पायाला कोमट लागायचं, कारण वरच्या खाचरात ते उन्हाला थांबून यायचं. गडी-बायका लावून मी दोन्ही खाचरांची लावणी केली. दोन्हीकडे भात सारखाच हिरवा. कुडापलीकडे आता बांगड्या वाजत नव्हत्या. थोरले आमच्याच घरी जेवायचे.

पाऊस उघडला की दोघे भाऊ बांधावर शेजारी शेजारी बसायचे, आणि बाई गं, काय ते बोलणं! लहानपणच्या बैलांपासून मेलेल्या आत्यांपर्यंत. मामंजींकडे एवढे शब्द होते हे मला माहीतच नव्हतं. मी खालच्या खाचरात बेणत असायची आणि वरून त्यांचं हसणं ऐकू यायचं.

एका दुपारी त्यांना गुळाचा कोरा चहा घेऊन गेले. थोरल्यांनी बशीत ओतला, फुंकला, आणि माझ्याकडे निरखून बघत मामंजींना म्हणाले, "लई गप पोर हाय रं तुझी. दिसभर कुणाशी एक शबुद बोलत न्हाई."

"पयल्यापास्नं तशीच हाय," मामंजी म्हणाले.

मी त्यांचा चहा संपेपर्यंत थांबले, बांधाच्या तोंडाशी कपबश्या विसळल्या आणि घरी गेले.